कोपऱ्यातली चांदणी

आमच्या आप्पांना कुंभकोणमात कोणी घाबरलेलं पाहिलं नाही. मीही नाही. चोवीस वर्षांची होईपर्यंत मी हेच धरून चालले होते की या माणसाला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही. मग एका रविवारी कळलं की सहा वर्षं ते रोज घाबरतच कामाला जात होते, आणि त्यांच्या पोटच्या पोरीला, एका घरात राहून, रोज त्यांच्या पानात भात वाढून, पत्ता नव्हता. एवढी मी हुशार!

त्यांचं नाव मुकुंदराव. डॉक्टर जानकीराम यांच्या नर्सिंग होममध्ये ते कंपाउंडर होते. म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची आणि आप्पांनी औषधाच्या खिडकीतून गोळ्या द्यायच्या, हे एकोणीसशे एकाहत्तरपासून. आमचे पूर्वज तंजावरच्या मराठी राज्यात कधीतरी इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. मी गेली तीन वर्षं पुण्यात नोकरी करते, आणि तिथल्या मैत्रिणींनी हसून हसून माझी मराठी घासूनपुसून घेतली आहे. आप्पांची जुनीच आहे. ती मी जशीच्या तशी लिहिणार. कोणाला हसायचं असेल तर हसा.

आई मी नववीत असताना गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, आणि दोघांच्या वाट्याचा राग माझ्या एकटीकडे. आप्पांचा आवाज कधी चढायचा नाही. मी मात्र नाकावर राग घेऊनच जन्माला आले. शेजारच्या अलमेलु मामी, ज्या त्याच नर्सिंग होममध्ये नर्स होत्या, त्या म्हणायच्या, "तुळसी कसलं नाव ठेवलं हिचं, मिरची ठेवायचं."

औषधाच्या खोलीत आप्पांच्या काही रीती होत्या. बाटल्यांच्या गळ्यात ते रेशमाचे धागे बांधत. दारासुरमच्या विणकरांकडे उरलेले तुकडे मिळत, ते आणायचे. कुठल्या बाटलीला एक गाठ, कुठल्या बाटलीला दोन, कुठल्या बाटलीला चार. डॉक्टर म्हणायचे, "मुकुंदराव बाटल्यांनाही गंडेदोरे बांधतात." चिठ्ठी हातात आली की आप्पा ती नाकासमोर धरून कावळ्यासारखी मान इकडून तिकडे हलवत, आणि मग रोग्यालाच विचारत, "डॉक्टर काय म्हणाले, सांगा पाहू." लोकांना वाटे, काय काळजीचा माणूस! मलाही तेच वाटे. रविवारी सकाळी ते मरुदानल्लूरला भजनाला जाऊन झांज वाजवत. ताल त्यांचा कधी केसभरही हलला नाही, आणि त्या कानाचा त्यांना थोडा गर्वही होता. एवढाच एक गर्व त्यांच्यात मी पाहिला.

त्र्याण्णव साली डॉक्टरांनी मद्रासहून एक जुना कॉम्प्युटर आणला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, दोन फ्लॉपी, आणि मेमरी अगदी तुटपुंजी. डॉक्टर दिवसाला शंभर-सव्वाशे माणसं तपासायचे. कोणाला कुठलं औषध बाधतं हे घाईत त्यांच्या ध्यानात राहायचं नाही, त्यासाठी मशीन. रोग्याचा नंबर टाकायचा, औषधाचा नंबर टाकायचा. ते औषध त्या माणसाला बाधणारं असलं तर मशीनने खिडकीतच अडवायचं. हा प्रोग्रॅम लिहिला कोणी? मी. तंजावरला डिप्लोमा करून नुकतीच घरी आले होते, आणि अंगात शहाणपण मावत नव्हतं.

पहिला प्रोग्रॅम मी धसमुसळेपणानेच लिहिला. भरपूर चौकटी, मोठमोठ्या ओळी. रोग्याचा नंबर बरोबर असला की मशीन एकदा 'टिक' वाजायचं. औषध बाधणारं असलं की पडद्याच्या मधोमध आडवी ओळ यायची, 'हे औषध देऊ नका', आणि तीन लांब आवाज यायचे, असे की बाहेरच्या बाकड्यावरची माणसं दचकायची. आप्पा मग उठून डॉक्टरांकडे जात आणि औषध बदलून आणत. दीड वर्ष हे सुरळीत चाललं.

तो प्रोग्रॅम मी कागदावर छापून आमच्या स्वामीनाथ सरांना दाखवायला तंजावरला गेले, तिथे सगळं बिनसलं. सरांचं एकच तत्त्व होतं. पडद्यावर एक जरी अक्षर फुकट बसलेलं दिसलं तर त्याला हाकलून द्या. त्यांनी दोन पानं उलटली आणि म्हणाले, "हे काय, जत्रा भरवली आहेस?" वर्गातली मुलं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या बसमध्येच मी ठरवलं की असा प्रोग्रॅम लिहायचा की सरांनी तोंडात बोट घालावं.

तीन आठवडे मी झपाटल्यासारखी बसले. चौकटी गेल्या, ओळी गेल्या, चार पडद्यांचा एक पडदा झाला. आधी प्रोग्रॅमला फ्लॉपी पुरायची नाही, आता अर्धी रिकामी राहिली. उरले ते तीन लांब आवाज. त्यांच्यावर डॉक्टरही वैतागले होते. "तुळसी, हे मशीन आहे की बसचा हॉर्न? माणसं घाबरतात गं." मग मी ते आवाज काढले, मधली आडवी ओळ काढली, आणि त्या दोन्हींच्या जागी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक चांदणी ठेवली. कीबोर्डवर गुणाकाराची असते ना, तेवढी. चांदणी दिसली की औषध द्यायचं नाही. एक अक्षर! मला त्या एका अक्षराचा इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

आप्पांना सुगावा लागला होता. एका दुपारी जेवता जेवता म्हणाले, "तुळसी, नवें काय करायचें तें कर. तो आवाज मात्र राहूं दे."

"कशाला?"

"केळीच्या पानांत मीठ कोठें, लोणचें कोठें, हें ठरलेलें असतें कीं नाहीं? डोळे मिटून हात जातो. तसें मशीन असावें."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "आप्पा, तुम्हाला प्रोग्रॅममधलं काय कळतं? ठेवते हो आवाज, तुम्ही जेवा." आणि ठेवला. पहिला ठेवला, नंबर बरोबर असल्याचा, एकदाच वाजणारा. म्हटलं, एक आवाज ठेवला की म्हातारा खूष.

डिसेंबरात, धनुर्मासात, एका मंगळवारी मी नवा प्रोग्रॅम बसवला. आप्पांना समोर बसवून दाखवलंही. कोपऱ्यावर बोट ठेवून म्हटलं, "हे बघा, इथे चांदणी येईल. दिसली?" आप्पा म्हणाले, "दिसली, दिसली." मी निश्चिंत झाले.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आप्पांना मोपेडवर मागे बसवून मी मरुदानल्लूरला नेलं. धनुर्मासातलं भजन पहाटे सुरू होतं आणि उन्हं चढता चढता संपतं. शेवटी आरतीचं तबक फिरलं. ते आप्पांच्या डाव्या बाजूने आलं, त्यांच्यापाशी थांबलं. आप्पांनी हात पुढे केले नाहीत. तबकवाला क्षणभर उभा राहून पुढे गेला. सगळ्यांना वाटलं, मुकुंदरावांची तंद्री लागली. मलाही वाटलं. मग ते उठले, प्रसादाकडे निघाले, आणि उजवीकडे उभ्या असलेल्या माणसाएवढ्या समईवर सरळ जाऊन आदळले. तेल सांडलं, धोतराच्या सोग्याने पेट घेतला. कोणीतरी ओलं उपरणं टाकून विझवलं म्हणून बरं. मी सगळ्यांदेखत ओरडले, "आप्पा, डोळे कुठे ठेवलेत तुम्ही?"

आप्पांनी जळका सोगा चाचपून वर खोचला. बाहेर कडुनिंबाखाली आल्यावर म्हणाले, "डोळे जेथें आहेत तेथेंच आहेत, तुळसी. दिसणें तेवढें गेलें."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांचे हात कापत होते. जन्मात पहिल्यांदा मी ते हात कापताना पाहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं. अठ्ठ्याऐंशी साली ते मदुरैला देवदर्शनाला म्हणून गेले होते, तेव्हा तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. आधी बाजूचं दिसणं जातं, मग हळूहळू वर्तुळ लहान होत जातं. आता समोर धरलेल्या वाटीएवढंच दिसतं, वाटीबाहेर काही नाही.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"डॉक्टर जानकीरामांस कळलें तर उद्यां घरीं बसवतील. आणि हा आजार रक्तांतून उतरतो म्हणाले. तुझें लग्न व्हायचें आहे. झांकली मूठ बरी म्हटलें."

मला संताप आला होता. आणि त्या रागाच्या मधोमध अचानक मला ती आठवली. कोपऱ्यातली चांदणी. पडद्याचा कोपरा वाटीत कसा येणार?

"आप्पा," मी हळू विचारलं, "बाधणारं औषध आलं की तुम्हाला कसं कळतं?"

"तीन आवाज होतात कीं."

"या बारा दिवसांत झाले?"

"एकदांही नाहीं. देवाची कृपा."

"आणि चांदणी? मी दाखवली ती?"

"तूं बोट कोठें ठेवलेंस तें मज दिसलें नाहीं. दिसली म्हणालों. म्हटलें, चांदणी न दिसो, आवाज तर आहे. तूं ठेवतें म्हणालीस ना?"

मी तिथेच खाली बसले. बारा दिवस मशीनने काही ओरडून सांगितलं नव्हतं, आणि आप्पांनी त्या शांततेवर विश्वास ठेवून हजारभर माणसांना औषधं दिली होती. मी म्हटलं, "मी ते आवाज काढले, आप्पा." ते मोपेडकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं.

कुंभकोणमपर्यंतचा तो रस्ता मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मागून आप्पा सारखे म्हणत होते, "कोण असेल? कोण असेल?" रविवारची दुपार, डॉक्टर जानकीराम एका लग्नाला तिरुचीला गेलेले, नर्सिंग होममध्ये ड्युटीवर एकट्या अलमेलु मामी. आप्पांनी किल्लीने औषधाची खोली उघडली. कुलपाला किल्ली कशी लावली ते मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं. बोटाने भोक चाचपून. इतकी वर्षं ते माझ्यासमोर असंच लावत होते.

दिलेल्या औषधांची नोंद फ्लॉपीवर राहते, एवढं तरी मी ठेवलं होतं. बारा दिवसांतल्या चांदण्या शोधायला सांगितलं. फ्लॉपी घरघरत राहिली. एवढा हलका, एवढा चपळ माझा प्रोग्रॅम, आणि मला वाटलं जन्म गेला. शेवटी पडद्यावर दोन नावं आली. शिवकामी, दारासुरम, काल शनिवारी. रामलिंग, तिरुवलंचुळी, परवा शुक्रवारी. दोघांनाही पेनिसिलिन बाधतं, दोघांनाही त्याच जातीच्या कॅप्सूल गेलेल्या.

मी नावं कागदावर उतरवली आणि म्हटलं, "आप्पा, चला. गुपचूप पुड्या परत आणू. कोणाला कळायला नको." होय, असं मी म्हटलं. लपवायला मीसुद्धा लगेच तयार झाले. रक्तातूनच उतरतं बहुतेक सगळं.

आप्पा ऐकून न ऐकल्यासारखे सरळ अलमेलु मामींकडे गेले. "अम्मा, मला नीट दिसत नाही. सहा वर्षं मी सगळ्यांना फसवलं," ते तमिळमध्ये म्हणाले. "माझ्या हातून दोघांना चुकीचं औषध गेलं आहे. एक खाट तयार ठेवा, आणि मला इंजेक्शनची पेटी द्या." मामींच्या हातातलं थर्मामीटर खाली पडून फुटलं. वॉर्डात एक बाई अडली होती, त्यांना जागचं हलता येत नव्हतं. त्यांनी पेटी दिली, आप्पांच्या डोळ्यांकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाल्या, "मिरचे, नीट चालव गाडी."

दारासुरमच्या त्या गल्लीत घराघरातून मागाची खटखट चालू होती. शिवकामीच्या घरातून मात्र नव्हती. मी मोपेड उभी केली. आप्पांनाही ते कळलं होतं. "हें घर कां गप्प आहे?" ते म्हणाले, आणि त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दोन दिवस तिथे वळ होता.

दार उघडलं ते शिवकामीनेच. हात पिठाचे, चेहरा ठणठणीत. नवरा नटराज सूत आणायला गेला होता म्हणून माग बंद होता, बस, एवढंच. आप्पांनी विचारलं, "कालच्या कॅप्सूल घेतल्यास?"

"नाही घेतल्या, अय्या," ती म्हणाली. "मला ती जात बाधते म्हणून डॉक्टरांनी तशी चिठ्ठी लिहिली की तुमचं मशीन तीनदा बोंबलतं. मग तुम्ही आत जाऊन बदलून आणता. काल एकदाच वाजलं. म्हटलं, आज मशीनला बरं नाही. सोमवारी विचारू, मग घेऊ." आणि तिने कोनाड्यातून पुडी काढून दिली. पुडीच्या दोऱ्याची गाठ तशीच होती.

ती बाई एक अक्षर वाचू शकत नव्हती. मी जो आवाज फुकट बसलेला म्हणून हाकलून दिला, तो तिचाही होता. मला रडू आलं आणि त्याचाच राग आला. आप्पा म्हणाले, "रडणें मागाहून. रामलिंगास ऐकूं येत नाहीं."

हे मला ठाऊक नव्हतं. रामलिंग तिरुवलंचुळीच्या देवळात तविल वाजवायचा. तविल म्हणजे आमच्याकडचा मोठा ढोल. चाळीस वर्षं वाजवून त्याचे कान गेले होते. तो खिडकीशी आला की आप्पा त्याला वाकून पडद्यावरची मधली आडवी ओळ दाखवायचे. ती ओळही मीच काढली होती. आप्पांना दिसत नाही, त्याला ऐकू येत नाही, आणि दोघांच्या मध्ये माझी ती दीडशहाणी चांदणी!

तिथे पोहोचलो तेव्हा रामलिंग ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता, पण चेहरा त्याचा नव्हता. ओठ सुजून फुगलेले, डोळ्यांच्या जागी दोन फटी, आणि श्वास घेताना गळ्यातून शिट्टी. सून वारा घालत होती. तिला वाटत होतं, गांधीलमाशी चावली. कॅप्सूल त्याने आज सकाळीच सुरू केल्या होत्या, दोन झाल्या होत्या.

"पेटी उघड," आप्पा म्हणाले. "लहान कुपी काढ. नांव वाच."

मी वाचलं.

"पुन्हां वाच. अक्षर अक्षर वाच."

मी अक्षर अक्षर वाचलं. अॅड्रेनलिन. आप्पांनी कुपीची मान बोटाने मोडली, औषध ओढलं, आणि सुई उजेडाकडे धरून माझ्यासमोर केली. "मज रेघ दिसत नाहीं. अर्ध्यावर आलें कीं थांब म्हण. घाई नको." त्यांचे हात आता अजिबात कापत नव्हते. मी त्या बारीक रेघेकडे बघत राहिले. जास्त झालं तर त्याचं काळीज थांबेल, कमी झालं तर श्वास. "थांबा," मी म्हटलं. त्यांनी रामलिंगची मांडी बोटांनी चाचपली, जागा धरली आणि सुई घातली.

मग आम्ही वाट पाहिली. त्या वाट पाहण्याएवढं भीतीचं मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. सून देवाचं नाव घेत होती. आप्पा डोळे मिटून, रामलिंगच्या छातीजवळ कान नेऊन बसले होते. मी विचारलं, "काय?" त्यांनी हाताने मला गप्प केलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "शिट्टी उतरली." मला काही फरक ऐकू आला नव्हता. पण आणखी थोड्या वेळाने रामलिंगने डोळ्यांच्या फटी किलकिल्या केल्या आणि पाणी मागितलं. गावातल्या एकाच्या मोटारीत घालून त्याला नर्सिंग होममध्ये आणलं. चार दिवसांनी तो पायांनी घरी गेला.

सोमवारी डॉक्टर आले तेव्हा आप्पा दारातच उभे होते. मी मध्ये घुसून म्हटलं, "चूक माझी आहे, आवाज मी काढले." आप्पा म्हणाले, "नाही डॉक्टर, मी दिसतं म्हणालो. खोटं बोललो." डॉक्टरांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "हॉर्न म्हणालो तो तर मीच." पण औषधाच्या खिडकीशी ते आप्पांना पुन्हा बसवू शकत नव्हते, आणि ते खरंच होतं. त्या दिवशी आप्पांची तेवीस वर्षांची नोकरी संपली. रेशमाचे धागे बाटल्यांना तसेच राहिले. अलमेलु मामींनी त्या गाठींचा हिशोब त्यांच्याकडून शिकून घेतला. महिन्याभरात तिरुचीच्या एका स्थळाकडून पत्रिका परत आली, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

प्रोग्रॅम मी पुन्हा लिहिला. तीन आवाज परत आले, मधली ओळ परत आली, आधीपेक्षा मोठी. शिवाय कळ दाबल्याखेरीज मशीन पुढे सरकणार नाही असं केलं. तो मी आप्पांना मशीनसमोर बसवून ऐकवला आणि शिवकामीला खिडकीशी उभं करून ऐकवला. रामलिंगला दाखवला. त्याने वाचून मान हलवली. स्वामीनाथ सरांना दाखवला नाही.

हे सगळं सांगायचं कारण गेल्या महिन्यात घडलं. पुण्याहून सुट्टीवर आले होते. नव्व्याण्णव साल चाललंय, आप्पांची वाटी आता नाण्याएवढी झाली आहे. त्यांना दाखवायला मदुरैला नेलं, तर तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "मुलीचीही तपासणी करून घ्या, तिशी जवळ आली आहे." मी म्हटलं, मला काय झालंय, घारीसारखी नजर आहे माझी. पण बसले.

अंधारी खोली. पुढे एक मोठं पांढरं भांडं वाडग्यासारखं, त्यात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, आणि भांड्यात कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. आप्पा मागे स्टुलावर बसले होते. मी एकेक उजेड टिपत गेले, टक, टक, टक. उजवा डोळा झाला, डावा झाला. सोपं होतं. मुलगी कागद घेऊन बाईंकडे गेली. मी मागे वळून म्हटलं, "झालं, आप्पा. चला, कॉफी पिऊ."

आप्पा उठले नाहीत. त्यांचा हात मांडीवर होता, भजनात ताल धरायला ठेवतात तसा. चेहरा त्या रविवारी कडुनिंबाखाली होता तसाच झाला होता.

"बस, तुळसी," ते म्हणाले. "मशीन उजेड दाखवायच्या आधीं हळू वाजतें. मग तुझें बटण वाजतें. मी मोजत होतों. उजव्या डोळ्यास सगळें जुळलें."

"आणि डाव्याला?"

"अकरा वेळां मशीन वाजलें आणि तूं गप्प होतीस. कामावर सांग. माझ्यासारखी लपवूं नको."

"काहीतरीच, आप्पा!" मी जवळजवळ ओरडले. "मला सगळे दिसले. एकही चुकल्यासारखा वाटला नाही."

"मजही वाटला नव्हता," आप्पा म्हणाले.